घरातल्या सगळ्यांचा केस पेपर

पावसाची झड लागली की खेड्यातलं घर आत सरकतं. उन्हाळाभर अंगणात, ओट्यावर बाजा टाकून झोपणारी लेकरं एका खोलीत येतात. वाकळ एकच असते, तिच्यात आजी, दोन नातवंडं आणि एखादं पाहुण्याचं पोर. कपडे नीट वाळत नाहीत, ते दोरीवर तसेच लोंबतात. पोळा होतो, दसरा जातो, रात्री गार पडायला लागतात आणि एखाद्या घरात लेकरू रात्री खाजवायला लागतं. दिवसा खेळताना त्याला फारशी आठवण नसते. अंथरुणात ऊब आली की खाज सुटते. घामोळं असेल, डास चावले असतील, नवं पाणी लागलं असेल, असं म्हणत आठवडा जातो. तोवर बहिणीची बोटंही खाजवू लागतात.

खाज रात्री वाढते आणि घरात एकापेक्षा जास्त जणांना असते, एवढं जुळलं तर पहिला संशय खरजेचाच घ्यावा. लेकराचा हात खिडकीच्या उजेडात धरा आणि बोटं फाकवून बेचकी बघा. बारीक पुटकुळ्या दिसतील, त्यांतल्या बऱ्याच खाजवून फुटलेल्या असतील. नीट पाहिलं तर एखादी राखाडी, वाकडीतिकडी रेघ सापडते. पाच ते दहा मिलिमीटर लांबीची, कातडीच्या किंचित वर आलेली, आणि एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान फोड. ती खरजेच्या बारीक किड्याच्या मादीनं कोरलेली वाट असते आणि मादी त्या टोकाला बसलेली असते. तिची लांबी ०.३ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे साध्या डोळ्याला ती जवळजवळ दिसतच नाही. मनगटाची घडी, कोपर, काख, बेंबीभोवती, कंबर, पार्श्वभाग आणि मुलांच्या लिंगावर याच खुणा शोधायच्या. तान्ह्या बाळाचं अंग वेगळं वागतं. त्याच्या तळपायांवर, तळहातांवर पाणीदार फोड येतात आणि डोकंही सुटत नाही. मोठ्यांच्या डोक्याला खरूज सहसा जात नाही, म्हणून बाळाच्या टाळूवरचे फोड वेगळाच आजार समजून सोडून दिले जातात.

ही मादी महिना-दीड महिना जगते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि पिल्लं दोनेक आठवड्यांत स्वतः अंडी घालायच्या वयाला येतात. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर मिळून दहा-पंधराच किडे असतात. एवढ्याशा किड्यांनी सगळं अंग का खाजावं? कारण खाज त्यांच्या चावण्याची नसते. किड्याचं अंग, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्यावर आपलं शरीर चिडतं, त्याची ही खाज. शरीराला हे ओळखायला वेळ लागतो. पहिल्यांदाच खरूज झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. पूर्वी झालेल्याला एक ते चार दिवसांतच सुटते.

माझ्या मते खरजेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हे चार ते सहा आठवडे. या दिवसांत माणूस खाजवत नाही, पण किडे त्याच्या अंगावर असतात आणि तो ते वाटत असतो. उपकेंद्रात लेकराला घेऊन आलेली बाई म्हणते, "मले काही नाही बाप्पा, याच्यापुरतंच द्या." तिला औषध मिळत नाही. एका लेकराला एक ट्यूब मिळते, ते बरं होतं आणि पंधरा-वीस दिवसांत आईच्या कुशीतून त्याला पुन्हा खरूज लागते. मग गावात बोललं जातं की औषधात दम नाही. दम असतो. घरातली बाकीची पाच माणसं औषधाविना राहिलेली असतात.

यात कागदाचीही एक अडचण आहे. सरकारी दवाखान्यात औषध केस पेपरवरच्या नावाला मिळतं. म्हणून खरजेच्या लेकरासोबत जाताना त्याच्यासोबत झोपणाऱ्या, जेवणाऱ्या सगळ्यांचे केस पेपर काढावेत, खाज असो वा नसो. घरात किती माणसं आहेत, त्यांत गरोदर कोण, अंगावर पाजणारी कोण, दोन महिन्यांच्या आतलं बाळ आहे का, हे डॉक्टरांना आधी सांगावं, कारण औषध त्यावरून बदलतं. आशाताई सोबत असली तर हे काम सोपं होतं. शेजारी रोज दुपारी खेळायला येणारं पोर असेल तर त्याच्या घरीही सांगावं लागतं. हे सांगणं अवघड जातं हे खरं, पण न सांगता खरूज आळीतून जात नाही.

सध्या पहिल्या पसंतीचं औषध पाच टक्के परमेथ्रिनचं मलम. दोन महिन्यांवरच्या लेकराला ते चालतं. मोठ्या माणसाला एका वेळेस साधारण ३० ग्रॅम लागतं, शाळकरी पोराला पंधरा-वीस, लहानग्याला त्याहून कमी. लावायची रीत अशी. संध्याकाळी साधी आंघोळ, कढत पाण्यानं नको. अंग पुरतं कोरडं आणि गार होऊ द्यायचं. नखं कापायची. मग मानेपासून तळपायापर्यंत, जिथं खाजतं तिथंच नव्हे तर सगळीकडे, पातळ थर चोळायचा. सुटून जातात त्या जागा नेहमीच्याच: बोटांच्या बेचक्या, नखांखाली, कानामागे, काखेत, बेंबीत, जांघेत, दोन नितंबांच्या मधे, तळपायांना. बाळाच्या डोक्याला, कपाळाला आणि कानशिलांनाही लावायचं, डोळे आणि तोंड सोडून. बाळ बोटं चोखत असेल तर हातांना सुती मोजे घालायचे. आठ ते चौदा तास ते अंगावर राहिलं पाहिजे. रात्री लावलं की सकाळी आंघोळ. मधे कोणी भांडी घासली, बाळाचं ढुंगण धुतलं, तर हातांना पुन्हा लावायचं. अंगावर पाजणाऱ्या आईनं पाजण्याआधी स्तनाग्रं धुवायची आणि पाजून झाल्यावर तिथं परत लावायचं.

घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. बाप जागलीला वावरात गेला म्हणून त्याचं उद्यावर ढकललं तर निम्मी मेहनत वाया.

आठवड्यानं हेच सगळं पुन्हा. लोक इथं कंटाळतात, कारण तोवर नव्या पुटकुळ्या थांबलेल्या असतात. पहिल्या रात्री जी अंडी वाचली, त्यांतून पुढच्या चार दिवसांत पिल्लं निघालेली असतात आणि ती अंडी घालायच्या वयाची व्हायच्या आत त्यांना गाठायचं असतं. म्हणून दुसरी वेळ सात ते चौदा दिवसांच्या आत. खेड्यात ही तारीख ध्यानात ठेवायला आठवडी बाजारासारखं कॅलेंडर नाही. ज्या बाजाराच्या दिवशी पहिली वेळ, पुढच्या बाजाराच्या दिवशी दुसरी.

कपड्यांबद्दल मात्र घरं उगाच दमतात. किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त तग धरत नाही. मागच्या तीन-चार दिवसांत अंगाला लागलेले कपडे, चादरी, टॉवेल एवढेच हाताळायचे. कढत पाण्यात भिजवून धुवायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. वाकळ धुणं सोपं नसतं, ती भिजली की झडीत चार दिवस वाळत नाही. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवली तरी किडे मरतात. मेच्या उन्हात तर वाळवणासारखी दोन दिवस उलटीपालटी करून टाकली तरी पुरे. बोरिंगवर पाण्याची रांग असताना घरातलं सगळं सामान धुवायची गरज नाही. घर सारवायची, भिंती पुसायचीही नाही.

औषधानंतर खाज लगेच थांबत नाही. मेलेले किडे आणि त्यांची घाण कातडी झडेपर्यंत आतच असते, त्यामुळे दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. इथं घाबरून रोज मलम चोपडू नये. परमेथ्रिन रोज लावलं तर कातडीची आग होते, ती कोरडी पडून आणखी खाजते, आणि खरूज वाढल्यासारखं वाटतं. या काळात खोबरेल तेल आणि डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी पुरते. चार आठवड्यांनंतरही नवी रेघ, नव्या पुटकुळ्या दिसल्या तर मात्र पुन्हा लागण झाली आहे, असं धरून घरातलं कोण सुटलं ते शोधावं.

बेंझिल बेंझोएटचं पांढरं पाणी अजून बऱ्याच ठिकाणी मिळतं. ते काम करतं, पण खाजवून सोललेल्या कातडीला जबर झोंबतं, आणि लहान लेकराला ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाणी मिसळूनच लावावं लागतं. गॅमा बेंझिन, म्हणजे लिंडेन, लहान मुलांना आणि गरोदर बाईला नकोच. ते कातडीतून रक्तात जातं आणि झटके येऊ शकतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी गंधकाचं मलम हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे, सहा ते दहा टक्क्यांचं, सलग तीन रात्री. वास येतो, कपड्याला डाग पडतो, पण काम होतं. जळकं ऑइल, रॉकेल, बॅटरीतली पूड ही मात्र अंगाला लावायचीच नाहीत. ढोरांच्या खरजेला जे लावतात ते लेकराला लावण्यामागचा विचारही चुकीचा आहे. कुत्र्याची खरूज माणसाला लागली तर दोन-चार दिवस खाजवते, पण तो किडा माणसाच्या अंगावर वंश वाढवू शकत नाही. लेकराची खरूज दुसऱ्या माणसाकडूनच आलेली असते.

आश्रमशाळेत आणि वसतिगृहात हे गणित मोठं होतं. शंभर मुलांना माणशी २० ग्रॅम धरलं तरी एका वेळेला दोन किलो मलम लागतं, म्हणजे ३० ग्रॅमच्या सदुसष्ट ट्यूब, आणि आठवड्यानं तेवढ्याच पुन्हा. शिवाय शंभर पोरांच्या बेचक्यांत मलम पोचलं की नाही हे कोण बघणार? अशा ठिकाणी आयव्हरमेक्टिनची गोळी जास्त व्यवहाराची. तिचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम: १५ ते २४ किलोला ३ मिलिग्रॅम, २५ ते ३५ ला ६, ३६ ते ५० ला ९. ही गोळीही सात ते चौदा दिवसांनी दुसऱ्यांदा द्यावीच लागते, कारण ती अंडी मारत नाही. १५ किलोच्या आतल्या लेकराला आणि गरोदर बाईला ती देत नाहीत. वजनकाटा आणि डॉक्टर हजर असल्याशिवाय हे करू नये. गोळी असो वा मलम, स्वयंपाकीण, कामाठी आणि अधीक्षक यांनीही त्याच दिवशी घ्यायचं. दिवाळीच्या सुट्टीहून पोरं परतली की पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या बोटांच्या बेचक्या बघाव्यात. चार आठवड्यांचा उशीर लक्षात घेऊन महिन्याभरानं पुन्हा.

हत्तीरोगाच्या मोहिमेत दिल्या जाणाऱ्या तीन गोळ्यांत आयव्हरमेक्टिनही असते. नागपूर जिल्ह्यात ती २०१९ मध्ये सुरू झाली. त्या एका डोसानं खरूज काही दिवस दबल्यासारखी दिसते. दुसरा डोस नसल्यानं ती मुळापासून जाते असं मानू नये.

खरजेचं खरं नुकसान खाजेत नाही. खाजवलेल्या जागी जंतू शिरतात, पू होतो, वर मधाच्या रंगाची खपली धरते. नाकाखाली, हनुवटीवर अशा खपल्या खरजेशिवायही येतात, पावसाळ्यात फार. खपली ओल्या फडक्यानं मऊ करून हलक्या हातानं काढायची आणि खालच्या जागेवर दोन टक्के मुपिरोसिन दिवसातून तीनदा, पाच ते सात दिवस. खपलीवरच मलम थापलं तर ते आत पोचत नाही. जखमा जागोजागी असतील, ताप असेल, तर तोंडानं घ्यायची प्रतिजैविकं लागतात आणि ती डॉक्टरच देतील. यांतल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, कातडी बरी होऊन गेल्यावरसुद्धा. सकाळी उठल्यावर लेकराच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, लघवीचं प्रमाण घटलं, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठावं आणि मागच्या महिन्यातल्या खरजेची, जखमांची गोष्ट न विचारता सांगावी. चेहरा सुजला म्हणून आलेल्या लेकराच्या आईला पायावरच्या जुन्या खपल्यांची आठवण बहुधा राहत नाही.

गजकर्णाचं दुखणं वेगळं आहे. तिथं किडा नाही, बुरशी आहे. कडेला लालसर, खवल्यांची उंच किनार आणि मधे साफ होत गेलेली कातडी अशी ती गोल चकती वाढत जाते. घाम, ओल आणि घट्ट कपडे तिला मानवतात. लेकरांच्या कमरेचा करगोटा हे तिचं आवडतं ठिकाण. आंघोळीनंतर तो दोरा तासन् तास ओला राहतो आणि त्याच्याखालची कातडी कोरडी होतच नाही. औषध चालू असेपर्यंत करगोटा काढून ठेवावा. श्रद्धा असेल त्यांनी नंतर नवा बांधावा, जुना नको.

गजकर्ण लवकर बरं न होण्याचं सगळ्यात मोठं कारण मला विचाराल तर मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या मिश्र मलमांत आहे. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत तगडं स्टेरॉइड. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, घरभर कौतुक होतं. स्टेरॉइडनं शरीराची चिडचिड दाबलेली असते आणि दाबलेल्या जागी बुरशी मोकळी पसरते. मलम थांबवलं की ती दुप्पट जोरानं दिसते, आणि आता गोल किनारही नसते, त्यामुळे डॉक्टरलाही ओळखणं अवघड होतं. कातडी पातळ होते, जांघेत ताणल्याच्या कायमच्या रेघा पडतात. लहान लेकराच्या अंगात तर हे स्टेरॉइड मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं. मलम घेताना खोक्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव असलं तर ते गजकर्णाला लावू नये. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावं.

नुसतं क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, चकतीच्या कडेबाहेर दोन बोटं जागा घेऊन, बाहेरून आतल्या बाजूला लावत यावं. चकती दिसेनाशी झाल्यावरही दोन आठवडे. चारेक आठवड्यांत फरक नसेल, किंवा अंगावर बऱ्याच ठिकाणी असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे. भारतात अलीकडे नेहमीच्या औषधांना न जुमानणारी बुरशी पसरली आहे आणि तिला गोळ्या, त्याही लांब मुदतीच्या, लागतात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आणि घरात अजून कोणाला आहे ते विचारायचंच. आजोबांच्या जांघेत दहा वर्षांचं जुनं गजकर्ण असतं आणि नातू त्यांच्याच धोतरात गुरफटून झोपतो.

डोक्यात चट्टा पडून केस तुटत असतील, खवले पडत असतील, तर मलमाचा उपयोग नाही. बुरशी केसाच्या मुळात असते. ग्रिसिओफुल्विनची गोळी सहा ते आठ आठवडे घ्यावी लागते, दुधासोबत किंवा तुपाच्या घासासोबत दिली तर ती नीट शोषली जाते. कधी डोक्यावर पुवानं भरलेला मऊ फुगवटा येतो. तो गळू समजून चिरू नये. तो बुरशीचाच असतो, चिरल्यानं व्रण पडतो आणि तिथं केस परत येत नाहीत.

उवांबद्दल लोकांना माहिती भरपूर आणि धीर कमी. ऊ उडी मारत नाही, उडत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. लिखा केसाला मुळापाशी चिकटवलेली असते आणि सात ते दहा दिवसांत फुटते. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, म्हणून टाळूपासून सेंटीमीटरहून लांब दिसणारी लीख बहुतेक रिकामी टरफल असते. जिवंत लीख कानामागे आणि मानेवर केसांच्या मुळाशी शोधावी. एक टक्का परमेथ्रिनचं लोशन धुऊन पुसलेल्या केसांना दहा मिनिटं लावून धुवायचं आणि नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. तेही नको असेल तर तेल आणि बारीक फणी पुरते, पण मग शिस्त हवी. केस तेलात चपचपीत भिजवा, तेलात ऊ मंदावते. बोटभर रुंद बट धरून, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढा आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्याला पुसा. अख्खं डोकं व्हायला लांब केसांना तास लागतो. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दोन आठवडे. मधला एक वार चुकला की त्या दिवसांत निघालेली पिल्लं मोठी होतात.

कपाशीच्या मुलखात एक इशारा द्यावाच लागतो. फवारणीच्या औषधाचे दोन थेंब तेलात घालून उवांना लावणं हा प्रकार जिवावर बेततो. टाळूची कातडी ते विष लवकर शोषून घेते, फोड किंवा ओरखडे असले तर अधिकच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, तेही शेतात, उघड्या हवेत फवारताना. तेच विष सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्याला बांधून ठेवायचं? लाळ गळणं, घाम, उलट्या, बाहुल्या बारीक होणं, श्वासात घरघर अशी लक्षणं दिसली तर कपडे काढून डोकं-अंग साबणानं धुवावं, औषधाची बाटली सोबत घ्यावी आणि लगेच रुग्णालयात न्यावं.

जंतांचं औषध वर्षातून दोनदा शाळेत, अंगणवाडीत मिळतं. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून १० फेब्रुवारीला असतो, दुसरी फेरी ऑगस्टमध्ये. वय १ ते १९. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, आणि १ ते २ वर्षांच्या लेकराला अर्धी, बारीक कुटून पाण्यात. मोठ्यांनी चावून खायची. तीन वर्षांच्या आतल्या कोणालाही अख्खी गोळी तोंडात देऊ नये, घशात अडकते. त्या दिवशी ताप किंवा आजार असेल तर थांबावं आणि राहिलेल्यांसाठी पुढच्या आठवड्यात ठेवलेल्या दिवशी घ्यावी. पोटात जंत खूप असतील तर गोळीनंतर पोट दुखतं, मळमळतं, एखादी उलटी होते. गोळीनं बाधा झाली म्हणून गावात बोभाटा होतो. ती जंत मरत असल्याची खूण असते आणि सहसा दिवसभरात ओसरते. पोट फुगून कडक झालं, हिरव्या उलट्या झाल्या, शी-वारा थांबला, तर गोष्ट वेगळी. मोठ्या जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो आणि ते दवाखान्याचं काम आहे.

सहा महिन्यांनी पुन्हा का, याचं उत्तर मातीत आहे. मोठ्या जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती उघड्यावरच्या शौचातून मातीत जातात, दोन ते चार आठवडे तिथं पिकतात आणि न धुतलेल्या हातांनी, भाजीपाल्यावरून पोटात येतात. आकड्या जंताची अळी त्याहून सरळ मार्गानं येते: पऱ्हाटीच्या ओल्या सावलीत, नाल्याच्या काठच्या मातीत अनवाणी पाय पडला की बोटांच्या मधल्या कातडीतून आत. सेंटीमीटरभराचा हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. लेकरू पांढरंफटक होतं, दमतं, कधी माती खातं. गोळीनं जंत जातात, गेलेलं रक्त भरून यायला लोहाच्या गोळ्या काही महिने लागतात. आणि विदर्भात प्रत्येक फिकट लेकराच्या माथी जंत मारून मोकळं होता येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हातपाय दुखणं, वारंवार कावीळ, फिकटपणा असेल तर रक्ताची ती तपासणी आधी करून घ्यावी.

सुतासारखे बारीक पांढरे जंत मातीतून येत नाहीत, लेकराकडून लेकराकडे जातात. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते, लेकरू झोपेत खाजवतं, अंडी नखांत जातात आणि सकाळी तीच बोटं सगळ्यांच्या ताटात. मुलींना पुढच्या बाजूलाही खाज येते. झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर हलणारा सेंटीमीटरभर पांढरा धागा दिसतो, इतकी सोपी तपासणी आहे. ही अंडी काही तासांतच लागण करण्याजोगी होतात आणि अंथरुणात दोन-तीन आठवडे टिकतात. म्हणून इथंही खरजेचाच नियम: सगळ्या घराला गोळी, दोन आठवड्यांनी सगळ्यांना दुसरी. गरोदर बाईनं आधी डॉक्टरांना विचारावं. सकाळी उठल्याबरोबर आंघोळ, नखं कापलेली, रात्री चड्डी घालून झोपणं, आणि अंथरूण झटकायचं नाही, गुंडाळून उन्हात न्यायचं.

राहता राहिला प्रश्न शाळेचा. उवा झाल्या म्हणून पोरीला घरी बसवायचं काहीच कारण नाही, तिचे केस तर सक्तीनं मुळीच कापू नयेत. मोठ्या होत आलेल्या मुलीला ती शिक्षा वाटते आणि वर्गातल्या बाकीच्या डोक्यांतल्या उवा तशाच राहतात. खरजेचं लेकरू पहिल्यांदा मलम लावून दुसऱ्या दिवशी शाळेत येऊ शकतं. पू असलेल्या जखमा असतील तर प्रतिजैविक सुरू करून २४ तास झाल्यावर, जखम फडक्यानं झाकून. गजकर्णाचं लेकरू औषध सुरू होताच, चकती कपड्याखाली ठेवून. कांजिण्यांना मात्र शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत घरीच. वर्गात एकाला खरूज किंवा उवा सापडल्या तर गुरुजींनी त्याचं नाव न घेता सगळ्या पालकांना एकच निरोप द्यावा आणि त्यात औषधाच्या दोन्ही तारखा लिहाव्यात. दुसरी तारीख येईल त्या सकाळी वर्गात तोंडी आठवणही करून द्यावी, लेकरं घरी जाऊन ती चोख सांगतात.